दहशतवादापासून शंभर टक्के सुरक्षित असा देश असू शकतो का?

कुठे दहशतवादी हल्ला झाला की थोड्या वेळात एक मेसेज फिरायला लागतो. "अमेरिकेत ९/११ नंतर एकही हल्ला झाला नाही. मग आपल्याकडेच का होतात?" मेसेज वाचला की पटतो, राग येतो आणि आपण तो पुढे पाठवतो.

अडचण एवढीच आहे की तो खोटा आहे.

एप्रिल २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यावर बॉम्ब फुटले, तिघे गेले. डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत १४ जण मारले गेले. जून २०१६ मध्ये ऑर्लँडोच्या नाइटक्लबमध्ये ४९. आणि १ जानेवारी २०२५ च्या पहाटे न्यू ऑर्लिन्समध्ये नववर्षाच्या गर्दीत एकाने ट्रक घातला, त्यात १४ जण गेले. हल्लेखोराच्या गाडीवर इस्लामिक स्टेटचा झेंडा होता.

म्हणजे जगातला सगळ्यात श्रीमंत देश, दोन्ही बाजूंना महासागर, सगळ्यात मोठ्या गुप्तचर यंत्रणा, तरीही शून्य हल्ले काही जमले नाहीत. मग कुणाला जमले? आणि जमतच नसेल तर सरकारला जाब विचारण्यात काही अर्थ उरतो का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे: शंभर टक्के सुरक्षित देश नाही आणि होणारही नाही. पण "शंभर टक्के सुरक्षा शक्य नाही" आणि "काहीच करता येत नाही" या दोन वाक्यांत फार मोठं अंतर आहे. शेकडो माणसं जगतात की मरतात, हे त्या अंतरातच ठरतं.

हल्लेखोराला एकदाच जमावं लागतं

ऑक्टोबर १९८४. इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरात सत्ताधारी पक्षाचं अधिवेशन सुरू होतं. पंतप्रधान मार्गारेट थॅचर ज्या हॉटेलात उतरल्या होत्या, तिथे आयरिश रिपब्लिकन आर्मीने आधीच बॉम्ब लपवून ठेवला होता. स्फोटात पाच जण गेले, थॅचर थोडक्यात वाचल्या. त्यानंतर संघटनेने जे निवेदन काढलं त्याचा आशय असा होता की आम्हाला नशिबाने एकदाच साथ दिली तरी पुरे, तुम्हाला मात्र ती दर वेळी मिळावी लागेल.

दहशतवादाविरुद्धच्या लढाईतली सगळी अडचण यात आली. पोलिसांनी ९९ कट उधळले आणि शंभरावा निसटला, तर लोकांच्या लक्षात तोच राहतो. उधळलेल्या कटांची बातमी आतल्या पानावर येते, काहींची तर येतच नाही, कारण सांगितलं तर माहिती देणाऱ्याचा जीव धोक्यात येतो.

शिवाय ठिकाण आणि वेळ हल्लेखोर निवडतो. विमानतळावर पहारा वाढला तर तो बाजारात जातो. बाजारात कॅमेरे लागले तर मंदिर, मशीद, शाळा, पर्यटनस्थळ. स्फोटकं मिळेनाशी झाली तर चाकू आणि भाड्याने घेतलेला ट्रक. ट्रकवर बंदी कशी घालणार?

सुरक्षेचे नियम बहुतेक वेळा मागच्या हल्ल्याला उत्तर असतात, हेही इथे लक्षात ठेवायला हवं. डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटकं लपवून विमानात नेली, त्यानंतर अमेरिकेच्या विमानतळांवर बूट काढायची पद्धत पडली, ती २०२५ पर्यंत होती. ऑगस्ट २००६ मध्ये पातळ स्फोटकांनी विमानं उडवायचा कट लंडनमध्ये उघडकीला आला, तेव्हापासून केबिन बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालेनाशी झाली. दोन्ही नियमांना कारण होतं. पण पुढचा हल्लेखोर बूटही वापरणार नव्हता आणि बाटलीही.

मग प्रत्येकाची तपासणी का करत नाहीत?

मुंबईच्या लोकलचं उदाहरण घेऊ. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर अनेकांनी विचारलं, विमानतळासारखी तपासणी लोकलला का नाही?

हिशेब करून पाहा. मुंबईच्या लोकलने रोज साधारण ६० लाख प्रवास होतात असं धरू. प्रत्येक प्रवाशाच्या तपासणीला फक्त १० सेकंद लागले, तरी रोजचे सहा कोटी सेकंद होतात, म्हणजे जवळपास १६,७०० तास. गाड्या दिवसाला वीस तास धावतात असं मानलं तर ८०० हून जास्त यंत्रं एक क्षणही न थांबता चालवावी लागतील. तीही गर्दी दिवसभर सारखी वाटली गेली तर. प्रत्यक्षात सकाळी साडेआठला ठाण्याला काय असतं, हे वेगळं सांगायला नको.

आणि समजा, केलीच ही तपासणी. मग रांग कुठे लागेल? स्टेशनच्या बाहेर. म्हणजे गर्दी एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवली, एवढंच. मार्च २०१६ मध्ये ब्रसेल्सच्या विमानतळावर हेच झालं. हल्लेखोर सुरक्षा तपासणीपर्यंत गेलेच नाहीत. बॅगा देण्यासाठी लोक जिथे रांगेत उभे असतात, तिथेच त्यांनी स्वतःला उडवून दिलं. त्याच सकाळी शहरातल्या मेट्रोतही स्फोट झाला. दोन्ही मिळून ३२ जण मारले गेले.

सगळ्यांवर नजर ठेवली तर?

"प्रत्येकाचे फोन आणि मेसेज तपासा, संगणक सांगेल कोण संशयित आहे." ही सूचनाही नेहमी येते. इथे गणित आणखी फसवं आहे.

समजा, दहशतवादी ओळखणारी ९९ टक्के अचूक यंत्रणा कुणी बनवली. इतकी अचूक यंत्रणा प्रत्यक्षात नाही, पण मानू. महाराष्ट्राची लोकसंख्या १२ कोटी धरू आणि त्यात खरोखर धोकादायक असे १०० जण आहेत असं समजू. यंत्रणा त्यातल्या ९९ जणांना पकडेल. छान. पण उरलेल्या १२ कोटींपैकी एक टक्का लोकांबद्दल ती चुकेल. म्हणजे १२ लाख निरपराध माणसांवर लाल खूण लागेल.

आता पोलिसांपुढे १२ लाख नावांची यादी आहे आणि त्यात ९९ खरी आहेत. प्रत्येक नाव तपासायला माणसं कुठून आणणार? आणि ज्यांच्या दाराशी पोलीस विनाकारण जाऊन आले, त्यांच्या नोकरीचं, घरभाड्याचं, मुलांच्या शाळेचं पुढे काय होतं?

म्हणूनच दहशतवादाचे कट बहुतेकदा सरसकट पाळतीतून नाही, तर नेमक्या माहितीतून उघडकीला येतात. कुणीतरी बोलतं, कुणाला तरी शंका येते, कुणी तरी ती शंका पोलिसांपर्यंत नेतं आणि तिथला माणूस ती गांभीर्याने घेतो. यातली एक कडी तुटली की संपलं.

आपला किनारा: एकच दार, तीन परीक्षा

हे नीट समजून घ्यायचं तर महाराष्ट्राच्या समुद्रकिनाऱ्याकडे बघू.

पहिली परीक्षा १९९३ ची. त्या वर्षीच्या सुरुवातीला रायगड जिल्ह्यात दिघी आणि श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडी इथे शस्त्रं आणि आरडीएक्स उतरवलं गेलं. तिथून ते रस्त्याने मुंबईत आलं आणि १२ मार्चला साखळी स्फोटांत २५७ जणांचा जीव गेला. हा माल कुणाला दिसलाच नाही असं नव्हतं. लाच घेऊन तो जाऊ दिल्याबद्दल कस्टम्सच्या अधिकाऱ्यांना आणि पोलिसांना पुढे कोर्टाने शिक्षा सुनावली. तिथे कॅमेरा नव्हता, रडार नव्हतं, हे खरं. पण असतं तरी उपयोग काय? दारावरचा माणूसच विकला गेला होता.

दुसरी परीक्षा २००८ ची. कराचीहून निघालेल्या दहा जणांनी वाटेत 'कुबेर' हा गुजरातचा मासेमारी ट्रॉलर ताब्यात घेतला, त्यावरच्या खलाशांना मारलं आणि २६ नोव्हेंबरच्या रात्री रबरी बोटीतून कफ परेडच्या मच्छीमार वसाहतीजवळ उतरले. तिथल्या लोकांनी त्यांना हटकलंसुद्धा. पुढच्या साधारण ६० तासांत १६६ माणसं मारली गेली. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, ताज हॉटेल लक्ष्य असू शकतं, अशा सूचना यंत्रणांकडे आधी आल्या होत्या. ताजची सुरक्षा काही काळ वाढवलीही होती, मग ती सैल झाली.

त्या रात्रीची बाकीची उणीवही सगळ्यांना माहीत आहे. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ समोर जुन्या रायफली होत्या. एनएसजीचे कमांडो हरियाणातल्या मानेसरहून निघून मुंबईत पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. आणि गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून एक हल्लेखोर जिवंत सापडला. कटाचा धागा पाकिस्तानपर्यंत नेणारा सगळ्यात मोठा पुरावा असा एका माणसाच्या हिमतीमुळे हाती लागला.

तिसरी परीक्षा ऑगस्ट २०२२ ची. ही अनेकांच्या लक्षातही नाही. रायगडच्या हरिहरेश्वर किनाऱ्याजवळ एक रिकामी बोट आढळली आणि तिच्यात तीन एके-४७ निघाल्या. राज्यभर नाकाबंदी झाली. तपासात कळलं की 'लेडी हान' नावाची ही बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची होती. जून महिन्यात तिचं इंजिन बंद पडलं, खलाशांना समुद्रात वाचवण्यात आलं आणि रिकामी बोट लाटांवर वाहत आपल्या किनाऱ्याला लागली. दहशतवादाशी तिचा संबंध नव्हता.

सुटकेचा निःश्वास सोडण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. हरिहरेश्वर श्रीवर्धन तालुक्यातच आहे, जिथे शेखाडी आहे. १९९३ नंतर २९ वर्षांनी आणि २००८ नंतर सागरी सुरक्षेवर एवढा खर्च होऊनही, इंजिन बंद असलेली आणि शस्त्रं असलेली बोट त्याच तालुक्याच्या किनाऱ्यापर्यंत आली.

म्हणजे मधल्या काळात काहीच झालं नाही?

तसं म्हणणं अन्यायाचं होईल. २६/११ नंतर बरंच बदललं.

डिसेंबर २००८ मध्येच संसदेने कायदा करून राष्ट्रीय तपास संस्था, म्हणजे एनआयए उभी केली. एनएसजीची केंद्रं मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबादला सुरू झाली, म्हणजे मानेसरहून विमान येण्याची वाट पाहायला नको. महाराष्ट्राने स्वतःचं 'फोर्स वन' पथक तयार केलं. वेगवेगळ्या गुप्तचर विभागांची माहिती एकत्र आणणारं मल्टी एजन्सी सेंटर बळकट केलं गेलं. किनाऱ्यावर रडारची साखळी आली, सागरी पोलीस ठाणी वाढली, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली, प्रत्येक राज्याच्या बोटींना वेगळे रंग ठरले आणि 'सागर कवच' नावाचे सराव होऊ लागले.

याचा उपयोग झाला का? त्यानंतर भारतात समुद्रमार्गे २६/११ सारखा हल्ला झालेला नाही. पण फेब्रुवारी २०१० मध्ये पुण्याच्या जर्मन बेकरीत स्फोट झाला, जुलै २०११ मध्ये झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादरला झाले. त्यासाठी बोटीची गरजच नव्हती. एक दार बंद केलं की बाकीची उघडी राहतात, ती अशी.

किनाऱ्याचंही तेच. महाराष्ट्राचा किनारा सातशे किलोमीटरहून लांब आहे, त्यावर शेकडो लहान बंदरं आणि खाड्या आहेत आणि हजारो बोटी रोज ये-जा करतात. लहान लाकडी होडी रडारवर नीट दिसणं मुळात अवघड. तिथे अनोळखी बोट आधी ओळखतो तो कोळीच. त्याने फोन केला आणि पलीकडे कुणी उचलला, तरच ती माहिती माहिती ठरते.

ज्यांच्याकडे सगळं होतं, त्यांचं काय झालं?

"पण इस्रायल बघा," असं कुणीतरी म्हणतंच. तर इस्रायल बघू.

गाझाच्या सीमेवर इस्रायलने कॅमेरे, सेन्सर आणि जमिनीखालची भिंत असलेलं कुंपण २०२१ मध्ये पूर्ण केलं. जगात अशा कुंपणाची उदाहरणं दिली जायची. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने ड्रोनने टेहळणी मनोरे निकामी केले, बुलडोझरने कुंपण तोडलं आणि एका दिवसात सुमारे १,२०० माणसं मारली. २५१ जणांना ओलीस नेलं. हमासच्या अशा योजनेची कागदपत्रं इस्रायली अधिकाऱ्यांच्या हाती वर्षभर आधीच आली होती, हे नंतर समोर आलं. ते एवढं मोठं काही करू शकणार नाहीत, असा समज होता. यंत्रं जागी होती, पण समज चुकीचा होता.

नॉर्वे हा तर शांत देश. २२ जुलै २०११ ला तिथल्याच एका अतिउजव्या तरुणाने ऑस्लोत सरकारी इमारतीसमोर व्हॅनमध्ये बॉम्ब फोडला आणि मग उटोया बेटावर मुलांच्या शिबिरात गोळीबार केला. ७७ जण गेले. चौकशी आयोगाने काय दाखवून दिलं? सरकारी इमारतीसमोरचा तो रस्ता वाहनांना बंद करायचं काही वर्षं आधीच ठरलं होतं, अंमलबजावणी रखडली होती. वेळेवर फाटक लागलं असतं तर व्हॅन तिथवर गेलीच नसती.

न्यूझीलंड जगाच्या टोकाला. मार्च २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत एका गोऱ्या वंशवाद्याने ५१ नमाजींना मारलं.

श्रीलंकेची गोष्ट आपल्या जवळची. तमिळ वाघांविरुद्धचं युद्ध मे २००९ मध्ये लष्कराने जिंकलं. देश सुरक्षित झाला, असं सगळ्यांना वाटलं. दहा वर्षांनी, २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टर रविवारी, चर्च आणि हॉटेलांत स्फोट होऊन अडीचशेहून जास्त माणसं मेली. हल्लेखोर तमिळ वाघ नव्हते, इस्लामिक स्टेटने भारावलेला स्थानिक गट होता. भारताने एप्रिलच्या सुरुवातीलाच याची सूचना दिली होती. ती वरपासून खालपर्यंत फिरलीच नाही, कारण राष्ट्रपती आणि पंतप्रधान यांचं आपसात पटत नव्हतं आणि यंत्रणा त्यात अडकली होती.

या चार देशांत धर्म वेगळे, शत्रू वेगळे, पैसा आणि तंत्रज्ञान वेगळं. पण इस्रायल, नॉर्वे आणि श्रीलंकेत एक गोष्ट सारखी दिसते: आधीची माहिती किंवा आधीचा निर्णय होता, तो वेळेवर वापरला गेला नाही.

दहशतवाद कधी संपतच नाही का?

संपतो. पण जो संपतो तो एखादा विशिष्ट दहशतवाद असतो, दहशतवाद ही पद्धत नव्हे.

पंजाब आठवा. १९८० च्या दशकात आणि ९० च्या सुरुवातीला तिथे बसमधून उतरवून माणसं मारली जात होती. ऑगस्ट १९९५ मध्ये मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची बॉम्बस्फोटात हत्या झाली. पण तोपर्यंत ती हिंसा बरीचशी ओसरली होती. पोलिसांची कठोर कारवाई, त्यातले अत्याचार ज्यांच्या जखमा आजही भरलेल्या नाहीत, हिंसेला कंटाळलेली गावं आणि पुन्हा सुरू झालेल्या निवडणुका, अशी अनेक कारणं त्यामागे होती.

उत्तर आयर्लंडमध्ये तीस वर्षांत सुमारे साडेतीन हजार माणसं मेली. एप्रिल १९९८ च्या 'गुड फ्रायडे' कराराने ते बहुतांशी थांबलं. ज्या संघटनेने थॅचर यांच्या हॉटेलात बॉम्ब ठेवला, तिचा राजकीय पक्ष पुढे सरकारात बसला. अनेकांना ते गिळणं कठीण गेलं, पण स्फोट थांबले.

आपल्याकडे गडचिरोलीत दशकानुदशकं नक्षलवाद्यांचा जोर होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये वरिष्ठ नेता भूपती याने सुमारे ६० साथीदारांसह तिथे शरणागती पत्करली. मागे पोलिसांच्या सी-६० पथकाचा दबाव होता, शरण येणाऱ्यांसाठीची योजना होती आणि रस्ता, शाळा, मोबाइल टॉवर दुर्गम गावांपर्यंत पोहोचणंही होतं.

तिन्हीकडे सूत्र साधारण सारखं. नुसत्या बंदुकीने संपलं नाही आणि नुसत्या चर्चेनेही नाही. ज्या समाजाच्या नावाने हिंसा चालते, त्या समाजाने पाठ फिरवली की हिंसेचा श्वास कोंडतो. म्हणून दहशतवादाविरुद्धची सगळ्यात मोठी चूक कोणती, तर त्या सगळ्या समाजालाच शत्रू ठरवणं. हल्लेखोराला नेमकं तेच हवं असतं.

शंभर टक्क्यांच्या हट्टाची किंमत

"काहीही करा, पण आम्हाला सुरक्षित ठेवा," ही मागणी भीतीच्या क्षणी साहजिक आहे. पण त्या "काहीही" मध्ये काय येतं?

२००६ च्या लोकल स्फोटांचा खटला घ्या. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि सरकारी पक्षाला गुन्हा सिद्ध करता आला नाही असं सांगितलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यावर स्थगिती आली, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवलेलं नाही.

या निकालावर बाजू घेण्याआधी त्याचा अर्थ बघा. हे लोक निर्दोष असतील, तर त्यांची जवळपास १९ वर्षं तुरुंगात गेली आणि खरे गुन्हेगार इतकी वर्षं मोकळे राहिले. ते दोषी असतील, तर तपास इतका कच्चा झाला की कोर्टात टिकला नाही. दोन्हींत ज्यांची माणसं त्या संध्याकाळी घरी परत आली नाहीत, त्यांच्या हाती काही लागलं नाही. पक्का तपास ही आरोपीवर केलेली मेहेरबानी नसते. पुढच्या हल्ल्यापासूनचं ते आपलं संरक्षण असतं.

किंमतीचा दुसरा भाग पैशांचा. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. मुंबईच्या लोकलमधून पडून किंवा रूळ ओलांडताना दरवर्षी मोठ्या संख्येने माणसं जातात. याचा अर्थ दहशतवाद किरकोळ आहे असा नाही. अपघात कुणी ठरवून करत नाही. दहशतवाद माणसांना मारून बाकीच्यांना एकमेकांविरुद्ध उभं करायला निघालेला असतो, त्यामुळे त्याची मोजणी नुसत्या मृतांवर होत नाही. पण जीव वाचवायचा पैसा आणि माणूसबळ मर्यादित असतं, तेव्हा कुठे किती द्यायचं हे भीतीने नाही, हिशेबाने ठरवावं लागतं.

मग सरकारला विचारायचं काय?

"हल्ला झालाच कसा?" हा प्रश्न रागाचा आहे. त्याचं उत्तर भाषणात मिळतं. त्यापेक्षा हे प्रश्न विचारा:

- आधी सूचना होती का? असेल तर ती कुणापर्यंत पोहोचली आणि कुठे थांबली?
- पहिलं पथक किती वेळात पोहोचलं? जखमींना किती वेळात दवाखान्यात नेलं?
- मागच्या हल्ल्यानंतर समितीने ज्या शिफारशी केल्या, त्यातल्या किती अमलात आल्या?
- तपास कोर्टात टिकला का?

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरण पठारावर २६ जणांना मारलं गेलं. त्यात डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे मिळून सहा जण होते. इतके पर्यटक जमतात तिथे सुरक्षा दल का नव्हतं, हा प्रश्न त्यांच्या घरच्यांनी विचारला आणि तो विचारणं त्यांचा हक्क होता. जम्मू-काश्मीरचे नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनी पुढे जुलैमध्ये ती सुरक्षेतली चूक असल्याचं मान्य करून जबाबदारी आपली असल्याचं सांगितलं. श्रीलंकेत तर जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्रपती सिरिसेना यांना सूचनेकडे दुर्लक्ष केल्याबद्दल १० कोटी श्रीलंकन रुपये भरपाई स्वतःच्या खिशातून द्यायला लावली.

शंभर टक्के सुरक्षा शक्य नाही, हे वाक्य सरकारने ढाल म्हणून वापरलं तर तिथे थांबवायला हवं. टाळता न येणारा हल्ला आणि दुर्लक्षामुळे झालेला हल्ला यांतला फरक चौकशीतूनच कळतो.

आणि आपल्या हातात काय?

२६/११ च्या वेळी कमांडोंच्या हालचाली टीव्हीवर थेट दिसत होत्या आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार त्या बघून फोनवर हल्लेखोरांना सूचना देत होते. कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वाहिन्यांना यावरून खडसावलं. पुढे २०१५ मध्ये अशा कारवाईचं थेट प्रक्षेपण करायला नियमाने बंदी आली.

पण आज प्रत्येकाच्या खिशात एक वाहिनी आहे. म्हणून कारवाई सुरू असताना पोलीस कुठे आहेत, कोणत्या गच्चीवर आहेत, लोक कुठे लपलेत, याचे व्हिडिओ टाकू नका. जुने किंवा दुसऱ्या देशातले फोटो "आत्ताचे" म्हणून पुढे पाठवू नका. कुणाचं नाव आणि फोटो "हाच तो" म्हणून फिरवू नका. चुकलात तर त्या माणसाचं घर उद्ध्वस्त होतं. खरंच काही संशयास्पद दिसलं तर ग्रुपवर टाकण्याआधी ११२ ला फोन करा.

ब्रिटनने २००३ पासून जे दहशतवादविरोधी धोरण राबवलं, त्याचं उद्दिष्ट "दहशतवाद नष्ट करणं" असं लिहिलेलं नाही. धोका इतका कमी करायचा की लोकांना आपलं रोजचं जगणं मोकळेपणाने जगता यावं, असं ते आहे. ऐकायला ते कमी जोरकस वाटतं, पण ते खरं आहे आणि मोजता येतं.

तेव्हा पुढच्या वेळी "अमुक देशात एकही हल्ला झाला नाही" असा मेसेज आला, तर दोन गोष्टी करा. आधी तो खरा आहे का ते बघा. आणि मग आपल्या शहरात, आपल्या किनाऱ्यावर, मागच्या हल्ल्यानंतर जे करायचं ठरलं होतं ते झालं का, हे विचारा.